ताबेसचा खोकला

ख्मून गावात ताबेसला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि तिच्या शिव्या खाल्ल्या नाहीत असा इबिस पक्षी नव्हता. पक्षी देवाचे होते, ती गोष्ट वेगळी. जेहूतीच्या देवळाच्या आवारात ते हजारोंनी फिरायचे, वाकड्या चोचींनी चिखल उपसायचे आणि संधी मिळाली की ताबेसने वाळत घातलेली अंजिरं पळवायचे. मग ताबेस हातात चप्पल घेऊन मागे धावायची. "मेल्यांनो, देवाचे म्हणून सोडते हां! नाहीतर एकेकाची मान मुरगळून रस्सा केला असता!" पक्षी जरासे उडायचे आणि पुन्हा तिथेच उतरायचे. लांबून आलेले भाविक मात्र थबकून कानांवर हात ठेवायचे.

जेहूती म्हणजे आमचा चंद्रदेव. ग्रीक व्यापारी त्याला थोथ म्हणतात. नदीच्या वरच्या अंगाच्या वासेत शहरातली माणसं तर चंद्र त्यांच्या खोन्सू देवाचाच म्हणून भांडायला उठतात. म्हणोत बापडी. ख्मूनमध्ये चंद्र जेहूतीचा, आणि जेहूतीची रूपं दोन. एक इबिस, दुसरं बबून वानर. इबिस मोजता येणार नाहीत इतके; देवाचं जिवंत रूप म्हणून पुजला जाणारा बबून मात्र एकच. तो देवळामागच्या अंगणात राहायचा आणि त्याचं खाणंपिणं, न्हाणंधुणं ताबेसकडे होतं. देवळात त्याला जे नाव दिलं होतं ते इतकं लांबलचक, की पुजाऱ्यांनाही मध्ये श्वास घ्यावा लागायचा. ताबेस त्याला इरी म्हणायची. इरी म्हणजे सोबती.

इरी आला तेव्हा हर्वा जिवंत होता. हर्वा म्हणजे ताबेसचा नवरा, देवाच्या वानराचा राखणदार. एका पुराच्या हंगामात दक्षिणेकडून आलेल्या नावेतून त्याने एक टोपली घरी आणली. आत मूठभर पिल्लू होतं, तापाने फणफणलेलं. "देवळात द्यायच्या आधी याला जगवायला हवं गं," हर्वा म्हणाला. ताबेसने टोपलीत डोकावून पाहिलं तर पिल्लाने तिचे केस धरले ते सोडीचना. बाईला मूलबाळ नव्हतं आणि त्यावरून गावाचं काय बोलायचं ते बोलून झालं होतं. तो अख्खा हंगाम तिने पिल्लाला पोटाशी बांधून रोट्या भाजल्या, जव कांडले, घाटावरची भांडणंसुद्धा तशीच केली. पिल्लू तगलं. मोठं झालं, खांद्यावर रुपेरी आयाळ आली, आणि एके दिवशी पुजाऱ्यांनी मंत्र म्हणून, डोक्यावर तांब्याचा चंद्र चढवून त्याला देव केलं.

त्या दिवसापासून नियम आले. अंगणात पाऊल टाकण्याआधी तळ्यात बुडी मारायची, खाराने तोंड धुवायचं, धुवट तागाचं वस्त्र नेसायचं. मासे वर्ज्य. आत गेल्यावर गुडघे टेकायचे आणि 'स्वामी' म्हणून हाक मारायची. हर्वाने हे सगळं मरेपर्यंत मनापासून केलं. ताबेस मात्र कोणी बघत असेल तरच गुडघे टेकायची. कोणी नसेल तर "ऊठ रे आळश्या, ऊन डोक्यावर आलं," अशी तिची पूजा सुरू व्हायची.

हर्वा तापाने गेला. देवळाने रीतसर एक पुरुष राखणदार नेमला. इरीने आल्या आल्या त्याच्या अंगावर पाण्याचा रांजण ढकलला, दुसऱ्या दिवशी मागून येऊन त्याचं टक्कल दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं, आणि तो माणूस नोकरी सोडून बहिणीच्या गावाला निघून गेला. मग देवाची समजूत घालायला हरसीसे नावाचे पुजारी आत गेले. इरीने त्यांच्या मनगटाचा असा कडकडून चावा घेतला, की त्यांची बोंब पार घाटावर ऐकू आली. पुढे हेच हरसीसे मुख्य पुजारी झाले, पण मनगटावरचा वण काही गेला नाही. शेवटी झक मारत ताबेसला बोलावणं आलं. देवळाने तिला राखणदार असं कधी म्हटलं नाही, कायम 'हर्वाची बायको'च म्हटलं. तिलाही त्याचं काही वाटलं नाही. ती होतीच हर्वाची बायको.

अशी वर्षं गेली. ताबेसचे गुडघे कुरकुरायला लागले, इरीचे दात पिवळे पडले, आणि मग त्याच्या एका डोळ्यावर साय धरली. काही महिन्यांनी दुसऱ्यावरही धरायला लागली. अंजीर पुढे केलं की पूर्वी तो झडप घालायचा; आता नाक वर करून वास घ्यायचा आणि हात चाचपडत पुढे यायचा. ताबेसने हे पाहिलं आणि तोंडाला कुलूप घातलं.

त्याला कारण होतं. देवाच्या रूपात व्यंग चालत नाही. इरीच्या आधीचा बबून पायाने अधू झाला, तेव्हा त्याला पश्चिमेच्या कोठीत नेलं होतं. वाळवंटाच्या कडेला, मेलेल्या देववानरांना तागात गुंडाळून जिथे ठेवतात त्या भुयाराच्या तोंडाशीच ती कोठी आहे. छप्पर बुटकं, खिडकी नाही. खायला वेळच्या वेळी मिळतं, त्याबद्दल कोणी बोल लावू शकणार नाही. हर्वा एकदा त्या बबूनला भेटायला गेला होता. परत आला आणि जेवण पुढून सारून दिलं. "भिंतीकडे तोंड करून बसलाय गं," एवढंच तो म्हणाला, आणि पुन्हा त्या वाटेने कधी गेला नाही.

तेव्हा ताबेसने गुपचूप उपाय सुरू केला. ख्मूनमधल्या कुठल्याही बाईने हाच केला असता. चंद्र म्हणजे होरस देवाचा डोळा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्याच्या काकाने, सेतने, तो भांडणात फोडला, जेहूतीने तुकडे गोळा करून पुन्हा बसवला. अजूनही दर महिन्याला तो डोळा विझतो आणि दर महिन्याला जेहूती तो भरून देतो. मग ज्या देवाला हे दर महिन्याला जमतं, त्याला स्वतःच्या वानराचे डोळे जमू नयेत? कोर दिसली की ताबेस इरीच्या डोळ्यांत मध आणि काजळ घालायला सुरुवात करायची आणि पुनवेपर्यंत एक दिवस चुकवायची नाही. चंद्र उतरणीला लागला की औषध बंद, कारण तेव्हा घातलं तर उजेडाबरोबर तेही ओसरून जाईल अशी तिची समजूत. वैद्याला दाखवलं असतं तर काही झालं असतं, नसतंही. पण वैद्य देवळाचा होता, त्यामुळे तो रस्ताच बंद होता.

दर पुनवेला ती इरीच्या तोंडापुढे हात हलवून बघायची. इरी तिच्या बोटांना लागलेला मध चाटायचा. मग ती वर बघून चंद्राला झापायची. "त्या होरसचा डोळा दर महिन्याला नवाकोरा करून देतोस. आणि हा तुझा कोणीच नाही का रे?"

आता राहिला प्रश्न पुनवेच्या संध्याकाळचा. देवळापुढे दगडाचे प्रचंड बबून बसवलेत, त्यांच्या पायाशी एक ओटा आहे. पुनवेला इरीला तांब्याचा चंद्र घालून त्या ओट्यावर बसवायचं. नदीपलीकडे चंद्राची कड दिसली की तो दोन्ही हात वर करायचा आणि सारा जमाव "आला, आला!" म्हणून ओरडायचा. दिसत होतं तोवर हे तो आपणहून करायचा. दिसेनासं झाल्यावर ताबेसने युक्ती काढली. अंगणाचं दार लावून तिने त्याला शिकवलं: ती खोकली की हात वर, आणि हात वर की अंजीर. पुनवेला ती ओट्यामागे उभी राहायची, आणि कड दिसली रे दिसली की एकदाच घसा खाकरून खोकायची. इरीचे हात वर. लोक खूश, पुजारी खूश. गावात मात्र बोभाटा झाला की ताबेसची छाती बिघडली. शेजारची रेनपेत रोज जिऱ्याचा काढा आणून द्यायला लागली आणि समोर उभं राहून प्यायला लावायला लागली. ताबेस निमूटपणे प्यायची. एवढा कडू काढा तिने हर्वाच्या हट्टाखातरही कधी घेतला नव्हता.

हे सगळं निभावलं असतं. पण मध-अंजिराचा सण जवळ आला.

वर्षाच्या पहिल्या महिन्यात, नदी फुगून शेतांत शिरते तेव्हा जेहूतीचा हा सण येतो. सकाळी उठून मध आणि अंजीर खायचं, आणि जिभेवर मध आहे तोवर, म्हणजे संध्याकाळी चंद्र वर येईपर्यंत, खोटं बोलायचं नाही. पुढे मेल्यावर काळीज तराजूत घालतात तेव्हा हिशेब लिहायला जेहूतीच बसलेला असतो, आणि या दिवशी बोललेलं खोटं तो वेगळ्या शाईने लिहितो असं म्हणतात. त्यामुळे या दिवशी ख्मूनमध्ये विलक्षण शांतता असते. बाजार बंद, कारण व्यापाऱ्यांना परवडत नाही. सासवा-सुना एकमेकींकडे पाठ करून बसतात. 'माझ्या हातची बियर कशी झालीय?' असं विचारायला कोणी धजत नाही. नवरे तर पहाटेच गळ घेऊन नदीवर पळतात.

आणि याच दिवशी सकाळी, साऱ्या गावासमोर, मुख्य पुजारी देवाच्या वानराची पाहणी करतो. हरसीसे चाव्यापासून शहाणे झाले होते. धूप दाखवायचा, टोकाला पंजा कोरलेला जो लांब दांडा असतो, त्याच्या टोकावर अंजीर ठेवून ते लांबूनच पुढे करायचे आणि राखणदाराला विचारायचे, "देव अंगाने पुरा आहे ना? त्याला दिसतं ना?" गेल्या वर्षी ताबेसने "दिसतं" म्हटलं होतं. तेव्हा एक डोळा शाबूत होता, म्हणजे ते तसं खरंच होतं. या वर्षी कुठला डोळा पुढे करणार?

खरं बोलावं तर इरी कोठीत जाणार, भिंतीकडे तोंड करून बसणार. खोटं बोलावं तर तराजूत तिचं काळीज जड भरणार, तिला पलीकडे सोडणार नाहीत, आणि मग तिथे हर्वा तिची वाट बघत बसलाय तो बसूनच राहणार. इकडे इरी, तिकडे हर्वा. ताबेसला रात्री झोप लागेना आणि दिवसा ती इबिसांना शिव्या घालायचंही विसरली. तिथेच पेतीसेला संशय आला.

पेतीसे इबिसांचा राखणदार. हर्वाचा जुना दोस्त, ताबेसच्या घराला लागूनच त्याचं घर, गच्चीला गच्ची चिकटलेली, आणि दोन्ही गच्च्यांवरून इरीचं अंगण दिसायचं. त्याच्या अंगाला सदा पक्ष्यांचा वास यायचा आणि त्यावरून ताबेस त्याला सदा बोलायची. सणाच्या आदल्या दिवशी तो अंजिरांची टोपली घेऊन दारात आला.

"वहिनी, हे घ्या. माझ्या पक्ष्यांनी तुमची जेवढी चोरली त्याची भरपाई."

"तेवढी एका टोपलीत मावायची नाहीत, भावजी," ताबेस म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

पेतीसे उंबऱ्याशी घुटमळला. "उद्या मी देवळाकडे फिरकणार नाही. तळ्याच्या पार त्या टोकाला, पक्ष्यांत जाऊन बसणार आहे दिवसभर."

"का हो? सणाच्या दिवशी?"

"मला कोणी काही विचारू नये म्हणून." तो जमिनीकडे बघत होता. "विचारलं तर मलाही खरंच सांगावं लागेल ना. भिंतीपलीकडेच राहतो मी. डोळे माझे अजून चांगले आहेत."

ताबेसने त्याच्याकडे पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं, आणि कधीपासून माहीत होतं कोण जाणे. तिला एकदम भरून आलं, म्हणून ती खेकसली, "जा आता, पाय धुऊन या, सगळा उंबरा घाण केलात."

सण उजाडला. त्या वर्षी सणालाच पुनव आली होती. पहाटे मावळतीला चंद्र जवळजवळ भरलेला होता आणि ताबेसच्या मनात वेडी आशा होती की आज तरी. तिने इरीच्या तोंडापुढे हात हलवला. इरीने नाक उडवलं, तिचं मनगट चाचपून धरलं आणि बोटं चाटली. दोन्ही डोळे दुधासारखे पांढरे. "बरं बाबा," ती म्हणाली. तिने त्याची आयाळ विंचरली, तांब्याचा चंद्र डोक्यावर बांधला, स्वतः मध-अंजीर खाल्लं, त्याला भरवलं, आणि त्याचा हात धरून निघाली.

ओट्यापुढे सारा गाव मूग गिळून उभा होता. हरसीसेंनी दांडा लांब केला. इरीने वास घेतला, हात चाचपडत पुढे केला आणि अंजीर उचललं. इतक्या लांबून ते चाचपडणं हरसीसेंच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं.

"हर्वाच्या बायको," त्यांनी विचारलं, "देव अंगाने पुरा आहे ना? त्याला दिसतं ना?"

ताबेसच्या जिभेवर मध होता. 'दिसतं' हा शब्द ओठांवर आला होता, नाही असं नाही. तिने इरीकडे पाहिलं. तो आवाजाच्या उलट बाजूला तोंड करून अंजीर चघळत होता.

"नाही दिसत," ती म्हणाली.

"काय?"

"दोन्ही डोळे गेलेत त्याचे. गेल्या वर्षी एक होता, म्हणून मी दिसतं म्हटलं होतं. ते खोटं नव्हतं, पण धड खरंही नव्हतं. काय शिक्षा द्यायची ती मला द्या."

जमावातून आवाज आला. रेनपेत होती ती. "अगं, मग पुनवेला हात कसे वर करतो?"

"मी खोकते," ताबेस म्हणाली. "मी खोकले की तो हात वर करतो."

मग रेनपेत कपाळावर हात मारून ओरडली, "म्हणजे एवढा जिऱ्याचा काढा मी फुकट घालवला?"

"फुकट कसा? प्यायले ना मी सगळा! आणि आज विचारतेच आहेस तर सांगते, घोटभरही घशाखाली उतरण्याच्या लायकीचा नव्हता."

मागे कोणीतरी फसकन हसलं आणि मग हसू पसरत गेलं. हरसीसेंनी दांडा जमिनीवर आपटला तेव्हा ते थांबलं. "नियम तुला माहीत आहे," ते म्हणाले. "आज संध्याकाळच्या आत त्याला पश्चिमेच्या कोठीत पोचवावं लागेल."

"त्याला मला द्या, पुजारीबाबा."

"तुला? देवाच्या रूपावर तुझा हक्क काय? तू त्याची सेवेकरीण."

आता जे बोलायचं ते डोळ्यांच्या गोष्टीपेक्षाही अवघड होतं. ते तिने हर्वालाही कधी सांगितलं नव्हतं. पण प्रश्न विचारला गेला होता आणि मध जिभेवर होता.

"मी सेवेकरीण कधी नव्हतेच," ताबेस म्हणाली. "मी त्याला एक दिवस देव मानला नाही. गुडघे टेकले ते तुम्ही बघत होतात म्हणून. स्वामी म्हटलं ते तुम्ही ऐकत होतात म्हणून. या पोटाला बांधून वाढवलाय मी त्याला. हर्वा गेल्यावर कोणाशी बोलायचं तर हाच होता. माझा आहे तो. माझ्याकडे एवढंच खरं आहे, दुसरं काही नाही."

हसू केव्हाच विरलं होतं. देवाच्या ओट्यासमोर उभं राहून 'देव मानला नाही' म्हणणारी बाई ख्मूनने पाहिली नव्हती. आता हिची जीभ झडते की काय, म्हणून लोक तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ताबेसला त्याची पर्वा उरली नव्हती. गेलंच आहे सगळं तर पुरतं जाऊ दे, अशा तिरीमिरीत ती म्हणाली, "आता तुम्ही सांगा. मध तुम्हीही खाल्लाय. तुम्हाला तो देव वाटतो?"

मुख्य पुजाऱ्याला या दिवशी उलट प्रश्न कोणी विचारत नाही. विचारायचा नाही असा नियम मात्र कुठे नाही, कारण तसं कोणी करील हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. हरसीसेंनी मनगटावरचा वण दुसऱ्या हाताने झाकला.

"मला त्याची भीती वाटते," ते म्हणाले. "सणाच्या आदल्या दिवशी मला अन्न जात नाही. देवाची भीती वेगळी असते, हे मला कळतं. ही दातांची आहे."

कोणी हसलं नाही. म्हातारा माणूस साऱ्या गावासमोर असं बोलतो तेव्हा हसू येत नाही. हरसीसेंचा चेहरा हळूहळू सैल झाला. बहुतेक बोलून टाकल्यामुळे त्यांना हलकं वाटलं असावं.

"ज्याला दिसत नाही ते देवाचं रूप नव्हे," ते नेहमीच्या पूजेच्या आवाजात म्हणाले. "आणि जे देवाचं रूप नव्हे त्याला पश्चिमेच्या कोठीत जागा नाही. ती जागा देवांची. घेऊन जा त्याला, बाई. तांब्याचा चंद्र तेवढा काढून ठेव." आणि घाईघाईने पुढे म्हणाले, "तूच काढ. मी नाही हात लावणार."

ताबेसने चंद्र काढला. पट्ट्याखाली केस झिजून इरीच्या कपाळावर गोल टक्कल पडलं होतं. त्याने ते दोन्ही हातांनी खसाखसा खाजवलं, किती वर्षांचं राहून गेलं होतं कोण जाणे. मग तिचा हात शोधून धरला आणि दोघं घरी आली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण घरी येऊन इरी कोपऱ्यात गेला, भिंतीकडे तोंड केलं आणि बसला.

ताबेसने अंजीर दिलं, घेतलं नाही. मधात रोटी भिजवून दिली, तीही नाही. लहानपणी जिच्यात झोपायचा ती टोपली माळ्यावरून काढून पुढे ठेवली. त्याने ती हुंगली आणि पुन्हा भिंतीकडे वळला. दुपार कलली तशी ताबेस त्याच्यामागे जाऊन बसली. हर्वा त्या दिवशी हेच बघून आला होता. साऱ्या गावासमोर मोठ्या तोंडाने म्हणाले मी, माझा आहे तो. पण मी त्याची आहे का, हे कुठे विचारलं? त्याला दिसत नाही. त्याला अंगण हवं असेल, ओटा हवा असेल, लोकांचा गलका हवा असेल. मी म्हणजे नुसता अंजीर देणारा हात असेन.

ऊन उतरल्यावर तिने त्याला कसंबसं गच्चीवर नेलं. तिथेही तो कठड्याच्या भिंतीकडे तोंड करून बसला. शेजारच्या गच्चीवर पेतीसे पाय धुऊन, चक्क धुतलेलं वस्त्र नेसून बसला होता. देवळाकडून लोकांचा गलका ऐकू येत होता. ओटा आज रिकामा होता, तरी सवयीने सगळे जमले होते.

"भावजी," ताबेस म्हणाली, "चंद्र अजून वर यायचाय. जिभेवर मध आहे तोवर एक खरं सांगाल? त्याला मी कळते का? की अंजीर देणारा कुठलाही हात त्याला चालला असता?"

पेतीसेने मान वळवली, घसा खाकरला आणि खोकला. हुबेहूब ताबेससारखा, डोळे मिटून ऐकलं असतं तर फरक कळला नसता.

इरीने कानसुद्धा हलवला नाही.

"बघितलंत?" पेतीसे म्हणाला. "हे आजचं नाही, वहिनी. तुम्ही घाटावर गेलात की मी रोज कठड्यावरून अंगणात खोकून बघतो. अंजीर पुढे करतो, वर मध लावतो. ढिम्म हलत नाही माझ्यासाठी."

ताबेसला काहीतरी टोमणा मारायचा होता. हे असले उद्योग करता म्हणून तुमचे पक्षी मोकाट सुटतात, असं काहीतरी. तेवढ्यात नदीपलीकडे, भरल्या पाण्यावर चंद्राची तांबूस कड वर आली आणि देवळाकडून "आला, आला!" असा ओरडा झाला. तिला आता खोकायचं नव्हतं, त्याची गरजच संपली होती. पण सकाळपासून दाबून धरलेला हुंदका आलाच, तिने तोंडावर पदर दाबला, तरी त्याचा लहानसा आवाज निसटलाच.

इरीने भिंतीकडचं तोंड फिरवलं. चंद्र पूर्वेला होता, नदीवर. इरी तिकडे वळला नाही. तो ताबेस बसली होती तिकडे वळला आणि त्याने दोन्ही हात वर केले.